स्टर्ट्स डेझर्ट पी : दुष्काळ सोसणारी वनस्पती, की दुष्काळ चुकवणारी?

रानवाटा (धागा सुरू करणारी)

दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपुष्प असलेल्या स्टर्ट्स डेझर्ट पी या फुलाचे छायाचित्र जेथे जेथे फिरते, तेथे त्याखाली ‘रखरखीत वाळवंटात तग धरणारे चिवट फूल’ अशा अर्थाची ओळ हमखास असते. मी ॲडलेडमध्ये राहते आणि राज्याच्या उत्तर भागात या वनस्पतीचे ताटवे पाहिलेले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की हे वर्णन चुकीच्या गोष्टीला श्रेय देते. येथील चिवटपणा झाडाचा नसून बियांचा आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

ज्यांनी ही वनस्पती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. स्वेनसोना फॉर्मोसा हे तिचे शास्त्रीय नाव असून ती कडधान्यांच्या कुळातील, म्हणजे आपल्या पळस-पांगाऱ्याच्या उपकुलातील आहे. खोड जमिनीलगत पसरते आणि त्याच्या फांद्या दोन मीटरपर्यंत जाऊ शकतात. पाने संयुक्त व पिसासारख्या रचनेची असून एका पानाला पंधराच्या आसपास पर्णिका असतात. पाने, खोड, कळ्यांचे देठ या सगळ्यांवर रेशमी लव असल्यामुळे झाडाला राखट हिरवा रंग येतो. या आडव्या पसाऱ्यातून उभे दांडे वर येतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाशी साधारण सहा फुलांचा झुबका लागतो. फूल सुमारे ९ सेंटिमीटर लांब, म्हणजे या कुळाच्या मानाने बरेच मोठे असते. पताका नावाची पाकळी वर उभी राहते, तळवी खाली टोकदार होऊन लोंबते, आणि दोन्हींच्या मध्ये पताकेच्या बुडाशी काळाभोर, चकचकीत फुगवटा असतो. लालभडक रंगावरचा तो काळा डोळा एकदा पाहिला की दुसऱ्या कोणत्याही फुलाशी गल्लत होत नाही. गुलाबी, पांढरी आणि लाल काठाची पांढरी अशीही फुले क्वचित आढळतात.

वाटाण्यासारखी शेंग येते, तिच्यात मूत्रपिंडाच्या आकाराच्या कठीण बिया असतात, आणि ताटवा वाळून गेल्यावर त्या लाल मातीत पडून राहतात. पुढचा चांगला पाऊस येईपर्यंत ती वनस्पती जवळजवळ केवळ बियांच्या रूपानेच तेथे असते. मग तिने दुष्काळ सोसला असे म्हणावे काय?

चंद्रभागा

वर्णन उत्तम आहे. ही वनस्पती नेमकी कोठे कोठे आढळते आणि तेथे पाऊस किती पडतो, हे कळल्यास मुद्दा समजायला सोपा जाईल.

विदर्भवासी

या फुलाचे आणि आमच्या कापसाचे नाते आहे असे मी वाचले होते. तसे असेल तर यवतमाळमध्ये त्याचे स्वागत करायला आम्ही तयार आहोत. आमच्याकडचा कापूसही पावसाची वाट पाहण्यात निष्णात आहे.

सोटमूळ

विदर्भवासी, आपण म्हणता ते स्टर्ट्स डेझर्ट रोझ. ते नॉर्दर्न टेरिटरीचे प्रतीकपुष्प असून त्याचे शास्त्रीय नाव गॉसिपियम स्टर्टियानम आहे. ते कापसाच्या प्रजातीतलेच, जांभळट पाकळ्यांचे झुडूप आहे. दोन्ही नावांत स्टर्ट आणि दोन्हींत वाळवंट आल्यामुळे ही गल्लत ऑस्ट्रेलियातही होते. धाग्यातील वनस्पती शेंगवर्गीय आहे आणि तिचा कापसाशी काही संबंध नाही.

चंद्रभागा, व्हिक्टोरिया वगळता ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील सर्व राज्यांच्या कोरड्या अंतर्भागात ती आढळते. पश्चिमेला पिलबाराच्या किनाऱ्यापर्यंत आणि पूर्वेला न्यू साउथ वेल्समधील ब्रोकन हिलच्या परिसरापर्यंत तिचा विस्तार आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात वूमेरा, रॉक्सबी डाउन्स, फ्लिंडर्स रेंजेसच्या भोवतालचा प्रदेश ही तिची प्रसिद्ध ठिकाणे. वूमेराला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षा निम्म्याहून कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पावसाला ठरावीक ऋतू नाही. आपल्याकडे पाऊस कमी पडला तरी तो कोणत्या महिन्यांत पडेल हे माहीत असते. तेथे तो जानेवारीत येईल, जूनमध्ये येईल किंवा दोन वर्षे फिरकणारही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो आणि धागाकर्तीशी असहमती नोंदवतो. केवळ दुष्काळ चुकवणारी वनस्पती असती तर तिने एवढी लव कशाला धारण केली असती? लवेमुळे ऊन परावर्तित होते आणि पानालगतची हवा स्थिर राहून बाष्पोत्सर्जन कमी होते. रोपाला चार पाने फुटतात तोवर सोटमूळ खोलवर उतरलेले असते. शिवाय ही वनस्पती काटेकोरपणे एकवर्षायू नाही. ओल टिकली तर ती दुसऱ्या वर्षीही फुलते. ही सगळी सोसण्याची लक्षणे आहेत.

(माझे सदस्यनाम पाहून मी मुळाची बाजू घेतली असा आरोप कोणी करू नये.)

रानवाटा

सोटमूळ, आपली लक्षणे मान्य, निष्कर्ष मान्य नाही. लव आणि खोल मूळ यांमुळे पावसानंतरची ओल काही आठवडे अधिक वापरता येते आणि तेवढ्यात फुले येऊन शेंगा पिकतात. बियांपासून फुलापर्यंत साधारण चार महिने लागतात. तेवढी मुदत पदरात पाडून घेणे हे या साधनांचे काम आहे.

खरा सोसणारा पाहायचा असेल तर त्याच प्रदेशातील मुल्गा पाहावा. तोही याच कुळातला, बाभळीच्या प्रजातीतला. त्याच्या फांद्या आणि पानांसारखे चपटे देठ वरच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे पडलेला पाऊस खोडावरून ओघळून थेट बुंध्याशी जिरतो. दुष्काळात तो वाढ जवळजवळ थांबवतो, पण जागेवरून हलत नाही. थरच्या वाळवंटातील खेजडी, म्हणजे आपली शमी, हीदेखील त्याच पंथाची; तिची मुळे फार खोल जातात आणि ती भर उन्हाळ्यात नवी पालवी धरते. या दोघांच्या शेजारी डेझर्ट पीला ‘सोसणारी’ म्हणणे मला पटत नाही.

माळरान

या चर्चेत कासच्या पठाराची आठवण येणे अपरिहार्य आहे, पण साम्य कोठे संपते तेही सांगायला हवे. कासला ‘कवला’ नावाची स्मिथिया फुलते, पिवळ्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असलेली, जिला हल्ली सगळे मिकी माउस म्हणतात. तीही शेंगवर्गीय, तीही अल्पायुषी, आणि तीही पाऊस संपता संपता बी टाकून मोकळी होते. मात्र कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो. पावसाळ्यात तेथे पाण्याचा सुकाळ असतो आणि नंतर काहीच उरत नाही. स्मिथियाला वेळापत्रक पाठ असते. डेझर्ट पीच्या प्रदेशात माती खोल, वालुकामय आणि लाल असते, पण वेळापत्रक मुळीच नसते. त्यामुळे स्मिथियाच्या बहुतेक बिया पुढच्या पावसाळ्यात उगवल्या तरी चालते. डेझर्ट पीच्या सगळ्या बिया एकाच पावसावर उगवल्या आणि तो पाऊस फसवा निघाला, तर तेथील वंशच संपेल.

मला वाटते प्रश्नाचे उत्तर बीजावरणात आहे.

कुंडीतला माळी

माळरान यांनी बीजावरणाचा विषय काढलाच आहे तर विचारतो. मी नाशिकला गच्चीवर बाग करतो. एका परिचितांकडे ऑस्ट्रेलियात विकत मिळणारे या बियांचे पाकीट पाहिले. त्यावर ‘बिया सँडपेपरवर घासा किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवा’ अशी सूचना होती. हे घासणे खरोखरच आवश्यक असते काय?

माळरान

होय. मटकी भिजवली की तिच्यात काही गणंग निघतात, ते फुगत नाहीत आणि त्यांना मोडही येत नाही. कारण त्यांच्या सालीतून पाणी आतच शिरत नाही. डेझर्ट पीच्या बियांत अशा गणंगांचेच बहुमत असते. आपण शेकडो पिढ्या निवड करून कडधान्यांतला हा गुण जवळजवळ घालवला आणि रानटी शेंगवर्गीयांनी तो जपून ठेवला, एवढाच फरक. निसर्गात वाळूचे घर्षण आणि उन्हाळ्यातले दिवसा-रात्रीचे तापमानातले चढउतार यांमुळे बीजावरण हळूहळू झिजते किंवा तडकते. ते सर्व बियांत एकाच वेळी होत नाही. म्हणून एका पावसाला काही बिया उगवतात, उरलेल्या पुढच्या पावसासाठी राखीव राहतात. सँडपेपर हे काम काही मिनिटांत करतो. आतला गर्भ दुखावणार नाही इतपतच घासावे.

पर्थनिवासी

मी पर्थमध्ये ही वनस्पती अंगणात लावतो, तेव्हा माळी यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. तिचे रोप पुनर्लागवड अजिबात सहन करत नाही, कारण सोटमूळ हलले की संपले. येथे अनेक जण रुंद प्लास्टिक पाइपचा हात-दीड हात लांबीचा तुकडा उभा पुरतात, त्यात जाड वाळूमिश्रित माती भरतात आणि बी थेट तेथेच पेरतात. पाणी द्यायचे तर सावकाश आणि खोलवर द्यावे, पाने ओली करू नयेत. ओलसर, कोंदट हवेत मूळ आणि खोडाचा तळ बुरशीने कुजतो. गोगलगाई कोवळ्या रोपांवर तुटून पडतात. एवढे सारे करून ते रोप एखाद्या सकाळी विनाकारण मरूनही जाते, आणि येथील अनुभवी माळीसुद्धा त्याला एकवर्षायू समजूनच पुन्हा बी पेरतात. किंग्ज पार्कमध्ये ते सुंदर दिसते, पण तेथे त्यामागे बरेच मनुष्यबळ असते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील माळ्यांनी यावर वेगळा उपाय शोधला होता. ते कोलुटिया नावाच्या शेंगवर्गीय झुडपाच्या रोपावर डेझर्ट पीच्या कोवळ्या अंकुराचे कलम बांधत, म्हणजे कुजणाऱ्या मुळाचा प्रश्नच मिटे. रानवाटा यांच्या बाजूने एक निरीक्षण नोंदवतो : जी वनस्पती ॲडलेड-पर्थच्या सौम्य हवेत एवढी नाजूक वागते, तिला चिवट म्हणायला माझीही जीभ वळत नाही.

कुंडीतला माळी

नाशिकचा जुलै आठवून मी पाइप विकत आणण्याचा बेत तूर्त पुढे ढकलत आहे.

नियमावली

पुढे ढकलला ते बरे झाले, कारण परदेशातून बी आणताना भारतात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू होतात. आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ‘पाकीट खिशात घालून आणले’ हा प्रकार बेकायदा आहे. ऑस्ट्रेलियात फिरणाऱ्यांसाठीही सूचना : दक्षिण ऑस्ट्रेलियात ही वनस्पती संरक्षित आहे. सरकारी जमिनीवरून परवानगीशिवाय फुले, रोपे किंवा बिया घेता येत नाहीत, आणि खाजगी जमिनीवर मालकाची लेखी संमती लागते. लागवडीचे बी रोपवाटिकांत सहज मिळते, त्यामुळे रानातले तोडण्याचे कारणही नाही.

जुने कागद

शोधाच्या इतिहासाबद्दल थोडे लिहितो. नावात चार्ल्स स्टर्ट असला तरी युरोपीयांमध्ये पहिला नमुना त्याने गोळा केलेला नाही. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने ऑगस्ट १६९९ मध्ये वायव्य किनाऱ्याजवळील, आज डॅम्पियर द्वीपसमूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांवर तो गोळा केला. परतीच्या प्रवासात १७०१ मध्ये त्याचे ‘रोबक’ जहाज असेन्शन बेटापाशी बुडाले, तरीही वाळवलेल्या वनस्पती वाचल्या आणि त्या आज ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. स्टर्ट १८४४ मध्ये ॲडलेडहून खंडाच्या मध्याकडे निघाला तेव्हा त्याला या फुलांचे विस्तीर्ण ताटवे दिसले. अंतर्भागात समुद्र असेल या अपेक्षेने त्याने सोबत होडी नेली होती. समुद्र मिळाला नाहीच, उलट दुष्काळामुळे १८४५ चे निम्मे वर्ष एका पाणवठ्यापाशी अडकून काढावे लागले. या स्टर्टचा जन्म भारतातला, १७९५ चा; वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील न्यायखात्यात होते.

अर्थात त्या भूमीतील मूळ रहिवाशांना या फुलाची ओळख कोणी करून द्यायची नव्हती. पित्जंतजत्जरा भाषेत त्याला ‘मालुकुरु’ म्हणतात.

शास्त्रीय नावाचा प्रवासही वळणावळणाचा आहे. १८३२ मध्ये ते डोनिया होते, नंतर दीर्घकाळ क्लायँथस, आणि १९९० मध्ये जॉय थॉम्पसन यांनी त्याला स्वेनसोनात आणले. पुढे डॅम्पियरच्या नावाने ‘विल्डॅम्पिया’ अशी स्वतंत्र प्रजाती करण्याचा प्रस्तावही आला, पण तो फारसा रुजला नाही.

विदर्भवासी

आणि हे स्वेनसन कोण? तेही होडी घेऊन वाळवंटात गेले होते काय?

जुने कागद

नाही, ते लंडनजवळ ट्विकनहॅमलाच होते. आयझॅक स्वेनसन यांनी ‘वेल्नोज व्हेजिटेबल सिरप’ नावाचे, गुप्तरोगांवरचे म्हणून खपवले जाणारे औषध विकून अमाप पैसा मिळवला आणि त्यातून खाजगी वनस्पती उद्यान उभारले. काढ्याच्या बाटलीतून अमरत्व मिळवणारा दुसरा गृहस्थ निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

चंद्रभागा

अशा विक्रेत्यांना आपल्याकडे दूरचित्रवाणीवर पहाटेची वेळ मिळते, वनस्पतीची प्रजाती मात्र मिळत नाही.

पांदण

एक शंका आहे. शेंगवर्गीय असल्यामुळे ही वनस्पती हवेतील नत्र स्थिर करते काय? आणि करत असेल तर गुरांना चारा म्हणून उपयोग होतो काय?

सोटमूळ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. तिच्या मुळांवर रायझोबियम गटातील जीवाणूंच्या गाठी येतात. त्या वाळवंटी मातीत नत्र फारच कमी असते, त्यामुळे थोडक्या दिवसांत एवढा पसारा उभा करायला ही सोय मोलाची ठरते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत सावध राहावे. स्वेनसोना प्रजातीतील काही जाती गुरामेंढ्यांना बाधतात. ‘डार्लिंग पी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती आठवडेच्या आठवडे खाण्यात आल्या की जनावर अडखळते, थरथरते, कळपापासून भरकटते. त्यामागचे स्वेनसोनीन हे द्रव्य १९७९ मध्ये याच प्रजातीतील स्वेनसोना कॅनेसेन्स या जातीतून प्रथम वेगळे करण्यात आले. ते पेशींतील एका विकराचे काम अडवते आणि पेशींत शर्करायुक्त पदार्थ साठत जातात. अमेरिकेतील ‘लोकोवीड’ या शेंगवर्गीय वनस्पतींतही तेच द्रव्य असते, आणि तेथे ते वनस्पतीच्या आत राहणारी बुरशी तयार करते असे आढळले आहे.

माळरान

अधिवासाबद्दल एक भर. या प्रदेशातल्या लहान रोपट्यांसमोर चराईखेरीज बफेल गवताचाही प्रश्न आहे. ते दाट वाढून मोकळी जमीन व्यापते आणि वणव्याला इंधन पुरवते. हे गवत म्हणजे आपले अंजन गवत, ज्याच्या कुरणांसाठी आपण धडपडतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात ते अधिकृतपणे तण ठरवलेले आहे. मोकळ्या, उघड्या लाल मातीवर आडवे पसरणाऱ्या वनस्पतीला दाट गवत परवडत नाही.

खगनिरीक्षक

सगळे मुळाबियांवरच बोलत आहेत, म्हणून मी फुलाकडे वळतो. लाल रंग, भरपूर मकरंद आणि मजबूत पाकळ्या ही पक्ष्यांकरवी परागण होणाऱ्या फुलांची लक्षणे होत. आपल्या पळस-पांगाऱ्यावर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी येतात, तसे येथे हनीईटर येतात. फरक असा की पळस उंच झाड आहे आणि ही वनस्पती जमिनीलगत आहे. उभ्या दांड्यांमुळे फुले पसाऱ्याच्या वर येतात आणि पक्ष्याला ती सहज गाठता येतात. पक्षी चोच घालतो तेव्हा तळवी दबते, आतले पुंकेसर आणि वर्तिकाग्र बाहेर येऊन त्याला स्पर्श करतात. पुंकेसर या उपकुलाच्या रिवाजाप्रमाणे दहा, नऊ जुळलेले आणि एक सुटा. न्यूझीलंडचे काकाबीक हे तिचे नातेवाईक फूलही याच घडणीचे, पक्ष्यांवर विसंबणारे आहे.

रानवाटा

खगनिरीक्षक यांच्या प्रतिसादामुळे माझा मुद्दा मला थोडा नेमका करता येतो. सोसणाऱ्या झाडाला एखादे वर्ष फुले आली नाहीत तरी चालते. या वनस्पतीचा मात्र सगळा हिशेब एका बहरावर असतो, म्हणून ती फुलांवर एवढा खर्च करते : मोठा आकार, भरपूर मकरंद, ठळक रंग. मैलोन्‌मैल भटकणाऱ्या पक्ष्यांना थोड्या आठवड्यांत खेचून आणायचे असेल तर काटकसर चालत नाही.

सोटमूळ

येथे मी अर्धी माघार घेतो, पूर्ण नाही. रस्त्याच्या कडेला, जेथे डांबरावरचे पाणी वाहून येऊन अधिक जिरते, तेथे हीच वनस्पती दुसऱ्या वर्षी जुन्या बुडख्यातून फुटलेली दिसते. मोकळ्या सपाटीवर ती पहिल्याच उन्हाळ्यात संपते. म्हणजे एकाच जातीत दोन्ही शक्यता आहेत आणि कोणती प्रत्यक्षात येईल हे त्या ठिकाणच्या ओलीवर ठरते. ‘चुकवणारी, पण जमल्यास थांबणारी’ असे म्हणायला माझी हरकत नाही.

रानवाटा

मान्य. रस्त्याकडेची झाडे मीही पाहिली आहेत; बहुतेक पर्यटक तीच पाहतात आणि वाळवंटभर असेच असते असे समजतात.

चंद्रभागा

पुढच्या वर्षी मुलाकडे ॲडलेडला जाणे आहे. ही फुले पाहायची असतील तर कोणत्या महिन्यात यावे?

रानवाटा

चंद्रभागाताई, जुलै ते सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत शक्यता सर्वांत चांगली, पण आधी पाऊस झालेला असला पाहिजे. रानात दिसेल याची हमी कोणीच देऊ शकणार नाही. पोर्ट ऑगस्टाला रुक्ष प्रदेशातील वनस्पतींचे उद्यान आहे, ते १९९६ पासून लोकांसाठी खुले आहे. ॲडलेडहून गाडीने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तेथे या मोसमात ती पाहायला मिळण्याची आशा अधिक. वूमेराच्या बाजूला जाणार असाल तर पाणी आणि इंधन पुरेसे घ्यावे.

पर्थनिवासी

जाता जाता बागवाल्यांसाठी एक गोष्ट. जाळीच्या आत वाढवलेल्या झाडाला फुले भरपूर येतात पण शेंगा धरत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. खगनिरीक्षक यांनी सांगितलेल्या रचनेत त्याचे कारण आहे. वर्तिकाग्रावर एक पातळ पापुद्रा असतो आणि तो फाटल्याशिवाय परागकण तेथे रुजत नाहीत. पक्ष्याच्या घर्षणाने ते काम आपोआप होते. पक्षी येत नसतील तर तळवी हलकेच खाली दाबावी, वर्तिकाग्र बाहेर आले की त्यावर बोटाने किंवा ब्रशने किंचित घासून पराग लावावेत. त्याच फुलाचे पराग चालतात.

कुंडीतला माळी

म्हणजे बी घासायचे आणि फूलही घासायचे. सँडपेपरचा नंबर तेवढा वेगळा ठेवा.